भरतीमॅनचा पाचवा अंक का निघाला नाही

दांडी, मालवण
शनिवार, दुपारी जेवून

तीर्थस्वरूप दाजी यांस,

लवूचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा टेकत नाही, त्यामुळे सात अंगांनीच घातला आहे, आठवं गृहीत धरावं.) आपली साखर, आपला डावा कान आणि आपल्या इमारतीची लिफ्ट या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते सवडीने कळवावं. इकडे मी बरा आहे. बरा म्हणजे, कोण विचारत नाही त्यामुळे सांगावं लागत नाही, त्या अर्थाने बरा.

हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दाजी, फोनवर आपल्या दोघांना बोलता येत नाही हे आता मान्य करून टाकू. कुंदाअक्का गेली त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तुम्ही अंबरनाथहून फोन करता. 'काय लवू?' 'बरो आसंय.' 'पाऊस?' 'आसा थोडो.' मग तुम्ही एक श्वास घेता, मी एक श्वास घेतो आणि आपण ठेवतो. एप्रिलमध्येही आपण पावसावरच बोललो. (मी 'आसा थोडो' म्हणालो. बाहेर डांबर वितळत होतं.) पूर्वी मध्ये अक्का असायची. ती तुमच्या हातातून फोन ओढून घ्यायची, आणि नवऱ्याची नि भावाची एकदम सुटका व्हायची. आता कोण ओढून घेत नाही, म्हणून आपण दोघं फोन धरून उभे असतो.

गेल्या रविवारी मात्र तुम्ही नवीनच प्रश्न काढलात. 'भरतीमॅनचो पाचवो अंक खंय गेलो?' मी 'येतलो' म्हणालो. तो येणार नव्हता. का येणार नव्हता, ते फोनवर सांगण्यासारखं नाही. सगळं पहिल्यापासून सांगतो. त्यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, पण मधला एक भाग तुम्हाला ठाऊक आहे तसा घडलेला नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. दुकानांचे बोर्ड फ्लेक्सवाल्यांनी नेले, माझ्याकडे होड्या राहिल्या. होडीला फ्लेक्स चालत नाही, खाऱ्या पाण्यात आठ दिवसांत सोलून निघतो. त्यामुळे नारळी पौर्णिमेच्या आधी महिनाभर मला जेवायला फुरसत नसते आणि उरलेले अकरा महिने फुरसतच असते. गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली आणि ही फुरसत अंगावर यायला लागली. अक्का दर मे महिन्यात नि गणपतीत यायची, माझ्या शेडमध्ये पाटावर बसून मासे साफ करायची आणि साफ करता करता एक वाक्य म्हणायची. 'तुज्या हातात कला होती रे लवू, त्या बायेन घात केल्यान.' वर्षातून दोनदा हे वाक्य कानावर पडलं की मला सहा महिने पुरायचं. आपण इथे उन्हात 'सागरकन्या' नि 'जय गणेश' रंगवत बसलोय, पण खरे आपण मोठे चित्रकार, कोणा एकीमुळे अडकलो. अक्का गेल्यावर हे वाक्य म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. स्वतः म्हणून बघितलं, पण आपल्याच तोंडून ते बरं वाटत नाही. म्हणून मी ते चित्रांत काढायला घेतलं. त्यातून भरतीमॅनची चित्रकथा झाली.

भरतीमॅन म्हणजे आमचा दत्ताराम, तहसील कचेरीतला कारकून. समुद्राला भरती लागली की याच्या अंगात शंभर माणसांचं बळ येतं, ओहोटी लागली की पुन्हा कारकून, तोही रक्तदाबाची गोळी चुकलेला. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे गुन्हेगारांना वेळ पाळावी लागते. (दुसऱ्या अंकानंतर तुम्ही कळवलं होतंत की दरोडेखोराने पंचांग बघून दरोडा घालावा हे पटत नाही. मुद्दा बरोबर आहे, पण हिरो भरतीचा असल्यावर इलाज नाही.) याची जुनी प्रेयसी ओहोटी. तिने भर जत्रेत याच्या गळ्यातला बळाचा शंख हिसकावला आणि पसार झाली. तेव्हापासून हा तिच्या मागे आहे. कधी रॉक गार्डनच्या खडकांवरून, कधी सर्जेकोटच्या खाडीतून, कधी स्कूबावाल्यांच्या होड्यांमधून. हात लागणार एवढ्यात पाणी उतरतं आणि हा धापा टाकत चष्मा शोधायला लागतो. उडताना भरतीमॅन दोन्ही हात पाठीमागे बांधून उडतो. ती त्याची खास ढब आहे असं मी सगळ्यांना सांगतो. (खरं कारण असं की मला हात काढता येत नाहीत. बोटं नेहमी सहा होतात.)

कुडाळचा सिराज, ज्याच्या छापखान्यात सगळ्या तालुक्याच्या लग्नपत्रिका निघतात, त्याने जुन्या दोस्तीखातर पुस्तक छापून दिलं आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ठेवलं. पहिला अंक चार दिवसांत संपला. मी दोन दिवस हवेत होतो. मग सिराजकडे पत्रं यायला लागली की पुस्तकात सोळाशे मीटर धावण्याचं वेळापत्रक नाही, गोळाफेकीचे गुण नाहीत, ही फसवणूक आहे. पोलिस भरतीला बसणाऱ्या सगळ्या पोरांनी नाव वाचून पुस्तक उचललं होतं. सिराज धंद्याला पक्का. त्याने दुसऱ्या अंकाच्या मागच्या पानावर धावण्याचं वेळापत्रक टाकलं. तिसऱ्या अंकात महिन्याभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा टाकल्या, तेव्हापासून रापण ओढणारे मच्छीमारही घेतात. म्हणजे मागचं पान वाचणारे पुष्कळ. पुढची वीस पानं वाचणारे आपण दोघं, असं मी समजत होतो.

आता ओहोटी म्हणजे कोण, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण तुम्हाला ते पहिल्या अंकातच कळलेलं होतं. इथल्याच, मालवणच्या मेढ्यातली विनीता. तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला सांगण्यात आलेली हकीकत अशी: विनीता ही कुंदाची जिवाभावाची मैत्रीण. तिचं नि लवूचं जमलं होतं. दोघं मुंबईला चित्रशिक्षकाच्या कोर्सला जाणार होती. पण ती लवूची चित्रांची फाइल घेऊन एकटीच निघून गेली, तिकडे मास्तरीण झाली, वसईला लग्न करून राहिली, आणि लवू बिचारा इथे ब्रश धुवत राहिला. त्यानंतर कुंदाने तिचं नाव टाकलं. ही हकीकत अक्काला मी सांगितली होती. अक्काने ती तुम्हाला सांगितली, तुमच्या आईला सांगितली, पुढे बहुधा सगळ्या अंबरनाथला सांगितली. कुडाळला मामांच्या मुलीच्या लग्नात अक्का भरल्या पानावरून उठून बाहेर गेली होती, आठवतं? तुम्ही आमटीत मीठ जास्त म्हणून आचाऱ्याला बोललात. त्या आचाऱ्याची काही चूक नव्हती. समोरच्या पंगतीत विनीता बसली होती.

तर गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारची वेळ, पाणी पार खाली गेलेलं, मी एका होडीवर 'आई भराडीचा आशिर्वाद' रंगवत होतो. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरे केस, दोरीचा चष्मा, चपला हातात, आणि काखेत माझे चारही अंक गुंडाळी करून, मास्तरणी जशा नापासांचे पेपर धरतात तसे. तिच्या भावाच्या घराचं होमस्टे होणार आहे. आपल्या जुन्या वस्तू न्यायला म्हणून ती वसईहून आली होती. तिचा भाचा मितेश पोलिस भरतीला बसतोय, त्याच्या उशाला हे अंक होते.

'लवू,' ती म्हणाली, 'आशीर्वादाची शी दीर्घ.'

चौतीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, दाजी. मी या किनाऱ्यावर तीस वर्षं आशीर्वाद रंगवतोय, सगळे ऱ्हस्व. म्हणजे अर्धं मालवण चुकीच्या आशीर्वादावर खोल समुद्रात जाऊन येतंय. कोणी बुडालं नाही ही देवीची कृपा. मी घाईघाईने पुसायला गेलो आणि 'आई' पण पुसली.

ती उलट्या होडीवर बसली आणि तिने चारही अंक वाळूत मांडले. 'ह्यां मी मां?' मी म्हटलं, छे, सगळं काल्पनिक आहे, आत तसं छापलेलंही आहे. तिने चित्रातल्या ओहोटीच्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या हनुवटीवर ठेवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. वर्गात असंच बघत असणार. मी ब्रश धुवायला घेतला.

'माका चोरटी केलंस ता केलंस,' ती म्हणाली, 'पण चार पुस्तकांत माज्या तोंडात एक शबूद नाय रे! नुसती हा हा हा करून हसतंय. चोर झालो म्हणान काय झाला, काय तरी बोलता मां?'

मी तिच्या निदर्शनास आणलं की पहिल्या तीन अंकांत तीनदा 'हा' असलं तरी चौथ्यात मी तिला चार दिलेले आहेत. त्यावर ती हसली. खरंच हसली, आणि हसताना ती चित्रातल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. मग तिने पिशवीतून एक फाइल काढून माझ्या पुढ्यात ठेवली. तपकिरी पुठ्ठा, निळी नाडी, वर माझ्या अक्षरात 'लवू चिंदरकर'.

आता मधला भाग, दाजी. हे वाचताना तुम्ही बसलेले असावात अशी विनंती.

विनीताने माझी फाइल चोरली नव्हती. ती मीच तिच्याकडे दिली होती, कारण मी ती घेऊन घराबाहेर पडलो असतो तर बाबांनी विचारलं असतं. ठरलं होतं असं की ती मालवणहून चारच्या मुंबई गाडीत बसेल, आणि मी बोर्ड रंगवायला जातो म्हणून आधी कसालला जाऊन तिथे चढेन. मी कसालला गेलो. तासभर आधी गेलो. गाडी आली. खिडकीतून विनीता मान बाहेर काढून आधी उजवीकडे बघत होती, मग डावीकडे. मी डावीकडे, भज्यांच्या दुकानात, आतल्या बाजूच्या बाकावर होतो. मला ती दिसत होती. उठायचं आणि वीस पावलं चालायचं, एवढंच काम होतं. मी एक प्लेट भजी मागवली. का मागवली मला आजही सांगता येत नाही. भूक नव्हती. गाडी उभी होती तोवर मी ती भजी खात होतो, आणि गाडी गेल्यावर उरलेली दोन टाकून दिली.

'कंडक्टराक सांगलंय, पाच मिनटां थांब, माणूस येवचो आसा,' विनीता सांगत होती. 'तो दहा मिनटां थांबलो. तुज्या जागेर छत्री आडवी घालून ठेवललंय. तू खंय होतंस?' (ती छत्री पेणपर्यंत त्या जागेवर होती म्हणे. पेणला एक जाडे गृहस्थ न बघता तिच्यावर बसले. छत्री मोडली, आणि ते गृहस्थ पनवेलपर्यंत उभे राहिले.)

मी सांगितलं. भज्यांसकट सांगितलं.

'पण कित्याक?'

'माका भीती वाटली.'

'कसली?'

'म्हायत नाय.'

'इतक्याच?' ती म्हणाली.

इतकंच होतं, दाजी. मला मुंबईची भीती वाटली. तिथे सगळेच चित्रं काढणारे असतील आणि मी त्यांच्यातला एक असेन, याची वाटली. घरी येऊन भज्यांचं कसं सांगणार? अक्का दारात उभी होती, तिने माझा चेहरा बघून विचारलं, 'ती गेली?' मी म्हटलं, 'गेली. माजी फाइल घेवन गेली.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं अक्कानेच जुळवलं आणि मी तिला जुळवू दिलं. महिन्याने विनीताचं कार्ड आलं. तिने माझा फॉर्म आणि फाइल माझ्याच नावाने दिली होती, निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव अकरावं होतं, आठ दिवसांत ये म्हणून लिहिलं होतं. ते कार्ड मी चुलीत घातलं. हे मी विनीतालाही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय कार्ड पोचलंच नाही. पोस्टाला दोष गेला तो तसाच राहू दे.

मला वाटलं आता ती माझ्याबद्दल विचारेल. लग्न का केलं नाहीस, दिवस कसे काढलेस, असं काहीतरी. (त्याची उत्तरं माझ्याकडे चौतीस वर्षं तयार आहेत, काही तर फारच चांगली आहेत.) तिने यातलं काही विचारलं नाही. ती एकदम मालवणी सोडून शाळेच्या मराठीत बोलली. 'लवू, मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मी वर्षभर रडले आणि नंतर मला बरे दिवस आले. पण कुंदाला तू सांगायला हवं होतंस. मी तिला अकरा पत्रं लिहिली. अकराही परत आली, न फोडता. वसईहून अंबरनाथ किती लांब आहे, सांग? तुझ्या त्या ओहोटीने तुझा शंख नेला म्हणतोस. माझी मैत्रीण कोणी नेली?'

भरतीमॅन अशा वेळी काय करतो ते मला ठाऊक नाही. मी शेडच्या मागे जाऊन रॉकेलचा डबा उगीच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला.

परत आलो तर ती तिथेच होती. कुंदा गेल्याचं तिला भावाकडून कळलेलं होतं. तिने विचारलं, कुंदा शेवटी शेवटी जेवत होती का? तिला कळत होतं का? केस तसेच लांब होते का शेवटपर्यंत? कोणाची आठवण काढत होती? आणि दाजी, मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, कारण मी तिथे नव्हतो. अक्का गेली तेव्हा मला ताप आल्याचं मी तुम्हाला कळवलं होतं. ताप नव्हता. मी कपडे भरले, रिक्षा करून कुडाळला गेलो, स्टेशनवर बसलो. गाडी आली, माणसं उतरली, माणसं चढली, गाडी गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसलेला. मग घरी आलो आणि तुम्हाला तापाचा फोन केला. तुम्ही म्हणालात, 'येव नको, जीवाक जप.' सख्ख्या बहिणीचं तोंड बघायला जो आला नाही त्या माणसाला तुम्ही गोळ्यांची नावं सांगितलीत. तीस वर्षांत मी तुमच्या घराचा उंबरा बघितलेला नाही. दर वेळी अक्काच यायची, आणि लोकांना सांगायची की आमच्या लवूला समुद्र सोडवत नाही. तेही तिनेच जुळवलेलं.

विनीता आणखी आठ दिवस मालवणात होती. रोज दुपारी यायची. तिला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, इच्छाही नव्हती. आम्ही फक्त अक्काबद्दल बोललो. दोघींनी एकाच सायकलवरून देवबागपर्यंत जाऊन परत येताना ती खाडीत घातली होती, हे मला माहीतच नव्हतं. (सायकल माझी होती. मला चोरीला गेली असं सांगण्यात आलं होतं. म्हणजे अक्कालाही जुळवाजुळव येत होती, एवढं एक समाधान.) ती सांगायची आणि मी रंगवायचो, आणि त्या आठ दिवसांत पाच होड्यांवर मी शी दीर्घ काढली. मध्ये एका दुपारी ती फाइल मी उघडली. दाजी, चौतीस वर्षं ज्या चित्रांसाठी मी कळवळलो, ती एवढी काही बरी नव्हती. होड्या चांगल्या होत्या. एक मडकं आणि दोन केळी ठीक. माणसं मात्र सगळी खिशात हात घालून उभी. अकरावा नंबर म्हणजे परीक्षकांनी दया केली असावी. मी विनीताला तसं म्हटलं. (कार्ड पोचलं नाही असं समजून माझा नंबर तिनेच पुन्हा सांगितला होता.) ती म्हणाली, 'माजो नंबर सतरावो होतो.' मी फाइलची नाडी पुन्हा बांधली.

जायच्या आदल्या दिवशी मी पाचव्या अंकाचं शेवटचं पान काढत होतो. पुढे काय होणार ते मी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. भरतीमॅन तिला किल्ल्यामागच्या खडकावर गाठतो, शंख परत घेतो, ती पाण्यात पडते. ते मला काढवेना. मग मी तिला नुसती खडकावर उभी काढली, तो समोर, आणि तिच्या तोंडाशी बोलण्याचा मोठा गोल काढला, रिकामा. पेन तिच्या हातात दिलं. म्हटलं, चार अंक थांबलीस, आता काय ते तूच बोल. मला वाटत होतं ती मला शिवी लिहील. मी तयारही होतो, गोल त्या मानाने मोठा काढला होता. ती पेन धरून बसली. दोनदा चष्मा पुसला. मग त्या सुबक मास्तरणीच्या अक्षरात तिने चारच शब्द लिहिले:

'कुंदा, मी नाय गो.'

आणि चपला हातात घेऊन, न सांगता, वाळूतून चालत गेली. दुसऱ्या दिवशी ती वसईला गेली. स्टँडवर पोचवायला जाईन असं मी म्हणालो होतो. गेलोही. या वेळी दुकानाच्या आत बसलो नाही, बाहेर उभा राहिलो. तिने खिडकीतून हात केला, मीही केला. एवढंच.

ते पान मी सिराजकडे नेलं. सिराजने चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाला, 'ही कुंदा कोण रे? नवीन आणलंस? फुडच्या अंकात येतली मां?' मी म्हटलं, ती येणार नाही. तो म्हणाला, मग लोकांना कळणार कसं? मी पान परत घेतलं. तेव्हापासून ते माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि म्हणून पाचवा अंक नाही.

आता दुपारी कोणी येत नाही. मी काम करता करता मान वळवून बघतो, तो शेजारचं कुत्रं असतं. रविवारी तुमचा फोन येतो, पाऊस असतो थोडासा, आणि आपण ठेवतो. ज्या बाईवर मी चार अंक दात ओठ खाल्ले ती आठ दिवसांत निघून गेली तर घर एवढं मोठं कसं झालं, हे मला कळत नाही. पूर्वी निदान राग तरी होता सोबतीला.

तर दाजी, ते पान छापायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे. त्यावर नाव तुमच्या बायकोचं आहे. 'छाप' म्हणालात तर छापतो. 'फाड' म्हणालात तर फाडतो. मला शिव्या देणार असाल तर त्या पत्राने द्या, फोनवर आपल्याला तेही जमणार नाही. औषधं वेळेवर घ्यावीत, पडत्या लिफ्टमध्ये चढू नये. सर्वांस यथायोग्य. (सर्व म्हणजे आता तुम्ही एकटेच, पण लिहायची सवय आहे.)

आपला आज्ञाधारक मेहुणा,
लवू चिंदरकर, पेंटर

ता. क. – पान छापायचं की फाडायचं हे एवढं काही महत्त्वाचं नाही. ते निमित्त होतं. खरं काम असं की अक्काच्या वर्षश्राद्धाला विनीताला यायचं आहे. ती स्वतःहून येणार नाही, मी तिला विचारून बघितलं. 'त्या घरात माका कोण बोलयता?' म्हणाली. तुम्ही बोलवाल का? तिचा फोन नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे, पाकीट फेकू नका. ती अकरा पत्रं तिच्याकडे अजून आहेत, घेऊन ये म्हणावं. तुम्हाला वाचायची नसतील तर अक्काच्या फोटोपुढे तिला वाचू द्या. अक्काला खरं काय ते तिच्याच तोंडून कळावं. मी सांगायला फार उशीर केला.

ता. क. दुसरा – कुडाळहून मी दिवा गाडीचं तिकीट काढलं आहे, श्राद्धाच्या आदल्या दिवसाचं. सिराजने काढून दिलं, त्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि तो मला स्टेशनवर सोडायला येतो म्हणतो. त्याला मी येऊ नको म्हणून सांगितलंय. उतरण्याची काळजी नाही, दिवा हे शेवटचं स्टेशन आहे, सगळेच उतरतात, मीही त्यांच्याबरोबर उतरेन. काळजी चढण्याची आहे.

ता. क. तिसरा – म्हणून एक करा. त्या दिवशी रविवार नाही, तरी सकाळी आठ वाजता मला फोन करा. मी कुडाळच्या फलाटावर असेन. पावसाचं विचारू नका. गाडी येईपर्यंत काहीतरी बोलत राहा. रागाने बोललात तरी चालेल. आणि 'चढलंस?' म्हणून विचारा, आणि मी हो म्हणेपर्यंत ठेवू नका.